बांधावरचा चहा

आमच्या गावच्या लावणीला गेली तीसेक वर्षं मी चहा देते. भात लावायला मी स्वतः खाचरात उतरले ती एकदाच, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, तेही अर्धा दिवस. त्यानंतर बांधावर आले आणि बांधावरच राहिले. आता तर माझ्या किटलीचा आवाज ऐकला की बायका न बघताच कंबर सरळ करतात.

पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की एक फाटा खाली ओढ्याकडे उतरतो, तिथं आमचं गाव. माझं माहेर याच घाटाच्या वर, आणि वर गेल्यावरही पुढे बरंच लांब, सातारच्या ज्वारीच्या मुलखात. लग्नाची गाडी घाट उतरायला लागली आणि वळणावळणाला माझ्या पोटात ढवळायला लागलं. गावच्या वेशीत पाय ठेवला तो ओकूनच. कोणाच्या लग्नात काय जेवण होतं हे गाव विसरतं, पण माझी ओकारी अजून निघते. "घाटावरची हाय, तिला उतार मानवला नाय," असं तेव्हा कोणीतरी म्हणालं. तेव्हापासून मी घाटावरची. नाव ठेवलं होतं सासूबाईंनी तांदळात अंगठीनं लिहून, पण ते रेशनकार्डाच्या कामालाच आलं.

सावड काय असते ते आधी सांगते. आमच्याकडे लावणी मजुरीनं होत नाही, सावडीनं होते. आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, परवा तिसरीच्या. जेवढे हात आपल्याकडे येऊन गेले तेवढे हात आपण परत द्यायचे, याला सावड फेडणं म्हणतात. ज्या घराची सावड चालते ते घर गावातलं. बाकी सात-बारा वगैरे नंतर.

पहिल्या वर्षी सासूबाई मला घेऊन उतरल्या. ज्वारीत वाढलेल्या मुलीला गुडघाभर चिखलात वाकून मागं मागं सरकत रोपं लावायची म्हणजे काय, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्याच टाचेच्या खळग्यात रोपं खोचत गेले. थोड्या वेळानं मागे, म्हणजे माझ्या पुढ्यात, बघते तर माझी ओळ पाण्यावर तरंगतेय. मला वाटलं आता ओरडा बसणार. कोणी ओरडलं नाही. शेजारच्या बाईनं माझी तरंगती रोपं गोळा केली आणि गुपचूप पुन्हा लावली. दुसऱ्या जुडीलाही तसंच झालं, तिनंही तसंच केलं. मग माझी चुलत जाऊ, जिचं घर आमच्या पडवीला लागून आहे, ती कंबर सरळ करून म्हणाली, "तुमी नका त्रास घेऊ. तुमी बांधावर बसा. चाय आणा आमाला."

ही जाऊ माझ्यापेक्षा थोरली. रिवाजाप्रमाणे तिनं मला 'तू' म्हणायला हवं. ती सगळ्या गावाला 'तू' म्हणते, रागावली तर देवीलासुद्धा. "अगो ए, कुठं मेलीस?" हा तिचा प्रेमाचा सूर. मला मात्र पहिल्या दिवसापासून 'तुमी'. मला तेव्हा वाटलं, किती मान देतात ही माणसं. माहेरी पत्रात तसं लिहिलंही.

मान देऊन माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवता येतं हे कळायला मला बरीच वर्षं गेली. शिव्या देणाऱ्याशी भांडता तरी येतं. "तुमी बसा हो," म्हणणाऱ्याशी काय भांडणार? सासूबाई होत्या तोवर आमच्या घराची सावड त्या फेडायच्या. त्यांची कंबर गेली तेव्हा मी म्हटलं, आता मी येते. तर जाऊ म्हणाली, "तुमी कशाला? तुमच्याकडून काय फेड घ्यायची? चाय देताव ते काय कमी हाय?" बायका आमच्या खाचरात येत राहिल्या, लावून जात राहिल्या, आणि आमचे हात कोणी मागितले नाहीत. गणपतीला नवरा मुंबईहून यायचा तेव्हा मी त्याच्याकडून चहापावडरीचे पुडे, ब्लाऊजपीस असं काहीबाही आणवून घरोघरी द्यायचे. "कशाला वो?" म्हणत सगळ्या घ्यायच्या. न बोलावता कोणाच्या दारात जाऊ नये, असं माझ्या आईनं शिकवलं होतं. मी बोलावण्याची वाट बघत राहिले.

माहेरी गेलं की वेगळीच तऱ्हा. तिथं माझ्या तोंडून एखादा 'गो' निसटला की भावजया पदराआड हसायच्या. "कोकणी झाली ही. भात खाऊन खाऊन जीभ पण चिकट झाली." नवरा मुंबईत एका कचेरीच्या कॅन्टीनमध्ये होता, त्याला तिथले 'ए कोकणी' म्हणून हाक मारायचे, आणि इथं गावात तो सुट्टीला आला की 'मुंबईकर' व्हायचा. प्रत्येकाला बाहेरचं करून ठेवणारं कोणी ना कोणी असतंच. घरोघरी मातीच्या चुली. नवऱ्यानं आयुष्यभर यावर एकच तोडगा काढला, "जाऊ दे." आमच्या घरात कुलदैवताच्या खालोखाल कोणाचं नाव घेतलं जात असेल तर ते 'जाऊ दे'चं.

पाहुणा तिसऱ्या दिवशी राहिला तर त्याची अक्कल गेली म्हणतात. माझी कधीची गेली असावी. मी पाहुणेपणाची सवय करून घेतली होती, खरंच करून घेतली होती. मग सून आली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

माझा मुलगा पोलादपूर ते महाड सहा आसनी रिक्षा चालवतो. आमच्याकडच्या मुलींना मुंबईत खोली असलेला नवरा लागतो, रिक्षावाला नको. दोन-तीन ठिकाणी नकार आल्यावर त्यानं शोधणं सोडलं. महाडला एका कपड्याच्या दुकानात काम करणारी मुलगी त्याच्या रिक्षातून रोज जायची. तिची बहीण आणि मेहुणा इथल्या कारखान्यात कामाला होते म्हणून ती यवतमाळकडून आलेली. दोघांचं जमलं. त्यानं येऊन सांगितलं तेव्हा नवरा काय म्हणाला हे सांगायला नको. मला मुलगी आवडली. ती बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते, आणि तिला पटलं नाही की "काहून?" विचारते.

गावात इतरांनी सुना 'केल्या'. आम्ही 'बाहेरून आणली'. लग्न महाडला चारचौघांत झालं, गावजेवण दिलं, जात-कूळ-देवक सगळं विचारून झालं होतं, तरी नळावर बायका मला हळू आवाजात विचारायच्या, "एजंटकडून काय वो?" मी सांगायचे, नाही, दोघांची ओळख होती. त्या मान हलवायच्या, म्हणजे पटलं नाही. मग कोणीतरी म्हणायचं, "हल्ली आणतात बाबा तिकडून. र्‍हाली तर र्‍हाली." शेवटचे तीन शब्द माझ्या पोटात बसायचे. राहिली तर राहिली. घरात आलेल्या माणसाबद्दल कोणी असं बोलतं?

पोरांना तर खेळच मिळाला. सून दुकानात गेली की मागून "काहून? काहून?" असा कोरस. "जाऊन रायली, खाऊन रायली," असं तिच्या चालीवर म्हणत पोरं ओढ्यापर्यंत जायची. पोरांना कोण शिकवतं? ती घरात ऐकतात तेच बोलतात. सून पहिले काही महिने हसली. मग तिनं बोलणं कमी केलं. मग ती आमच्यासारखं बोलायला लागली, 'नाय' आणि 'हाय', पण चुकीच्या जागी, आणि त्याचं आणखी हसू झालं. शेवटी ती घराबाहेर गप्पच राहायला लागली. घरातसुद्धा "काहून" ऐकू येईना. त्या शब्दाची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी लावणीच्या आधी एका संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत मिरच्या निवडत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आमी महाडले खोली घेऊन राहू का?"

मुलाशी बोलणं झालेलं दिसत होतं. तो आदल्या दोन दिवसांपासून माझी नजर टाळत होताच. मला एकदम घर रिकामं दिसलं. नोकरी संपवून घरी आलेला नवरा आणि मी, आणि आमच्या मधोमध 'जाऊ दे'. मी तिला सांगायला हवं होतं की धीर धर, रुळशील, माणसं वाईट नाहीत. बापड्या सासवा असंच सांगतात. पण रुळायला किती वर्षं लागतात असं तिनं विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार होते? मी अजून त्याच वर्गात बसलेली.

"लावणी होऊ दे, मग बघू," मी म्हटलं.

आमच्या खाचराचा दिवस ठरला. बायका आल्या, प्लास्टिकचे कागद डोक्यावरून पाठीवर सोडून रांगेत वाकल्या. मी आणि सून बांधावर किटली घेऊन. जाऊनं कप घेतला, दोन-तीन घोट प्यायली आणि उरलेला हळूच बांधाकडेला ओतला. काही वर्षं ती असंच करत होती. माझ्या हातचा चहा तिला आवडत नाही हे मी समजून होते. एवढी वर्षं पाजूनही घाटावरचीचा चहा तो घाटावरचीचाच, असं मनात म्हणायचे आणि किटलीचं झाकण लावायचे.

संध्याकाळपर्यंत आमचं सगळं लावून झालं. बायका गेल्यावर सुनेनं विचारलं, "मंग आता आपण त्याईच्या वावरात कधी जायचं?"

मी म्हटलं, आपण नाही जात.

"काहून?"

किती दिवसांनी ऐकला तो शब्द! मी तिला सगळं सांगितलं, चहाचं, ब्लाऊजपीसचं, आपल्याकडून फेड घेत नाहीत ते. सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी ते गावाचा चांगुलपणा असल्यासारखं सांगतेय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या आपल्याकडे राबून गेल्या, आन् आपण चहा पाजून मोकळे? आमच्याकडे असं कोणाचं ठेवत नाहीत."

"त्यांनी बोलावल्याशिवाय कसं जाणार?"

"त्याईले आपण बोलावलं होतं का आज? त्या आल्याच ना."

सावडीला कोणी कोणाला बोलावत नाही, हे खरंच आहे. दिवस ठरतो आणि बायका येतात. इतकी वर्षं मी ज्या बोलावण्याची वाट बघत होते ते बोलावणं या गावात कोणालाच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊची लावणी. सकाळी उठून बघते तर सुनेनं जुनी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर खताच्या गोणीचा कागद. मुलगा म्हणाला, "अगं, तुला येतं का लावायला?" ती म्हणाली, "नाही." आणि गेली. मी छत्री घेऊन मागोमाग निघाले. मनातून भीतीच वाटत होती. आता ही अपमान करून घेणार, परत येऊन बॅग भरणार, आणि वर्षभरात जे होणार होतं ते आजच होणार.

ती सरळ खाचरात उतरली आणि रांगेच्या टोकाला जाऊन वाकली. सगळ्या बायका थांबल्या. जाऊ म्हणाली, "तुमी कशाला आलाव? तुमाला नाय जमायचा. बसा वर."

सून म्हणाली, "जमत नाही तर शिकवा ना, काकी. काल तुमी आमचं लावलं, आज मी कशी बसू?"

तिनं जुडी उचलली. कापसाच्या मुलखातली पोर, रोप कसं धरायचं हेही तिला माहीत नव्हतं. मी बांधावरून बघत होते, आणि तेच झालं. टाचेच्या खळग्यात रोपं, रोपांच्या बुडाला पाणी, आणि सगळी ओळ तरंगायला लागली. शेजारची बाई सवयीनं हात पुढे करून ती रोपं गोळा करायला लागली. तर सुनेनं तिचा हात धरला. "तुमी नका लावू. माझं आहे ते. मीच लावते."

पुन्हा लावलं, पुन्हा तरंगलं. पुन्हा तिनं गोळा केलं. तिसऱ्यांदा मात्र जाऊचा तोल सुटला. खाचराच्या त्या टोकावरून तिचा आवाज आला, "अगो ए शहाने! डोळे फुटले काय तुझे? पायाच्या भोकात काय खोचतेस? सगळी रोपा वाया घालवशील माझी! सरक तिकडं, बग, हां असा धर. अंगठा आत घाल, अंगठा!"

सून पण काही कमी नाही. "ओरडता काहून मग? आधीच सांगायचं ना अंगठ्याचं!"

"तोंड बग कसा चालतंय! हात चालव तसा!"

बायका हसायला लागल्या. मीही हसले, पण माझं हसू लवकर आटलं. जाऊ चिखल तुडवत तिच्याजवळ गेली होती, तिच्या हाताला धरून रोप खोचून दाखवत होती आणि तोंडानं अखंड शिव्या घालत होती. माझ्या सुनेला गावात येऊन वर्ष झालं होतं. तिला ओरडा मिळाला. मला कोणी कधीच ओरडलं नाही. माझी रोपं मुकाट्यानं लावून टाकली आणि मी ती लावू दिली. मला तिचा हेवा वाटला, सरळ सांगते. सासूनं सुनेचा हेवा करावा तो दागिन्यांवरून, तरुणपणावरून. मी शिव्यांवरून केला.

दुपारी चहा घेऊन गेले तेव्हा तिची ओळ वाकडी होती, पण उभी होती. जाऊनं नेहमीप्रमाणे अर्धा कप बांधाकडेला ओतला.

संध्याकाळी सून घरी आली ती कमरेवर हात ठेवूनच. मी पाणी तापवून दिलं. खोलीचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच पडवीबाहेर हाक आली, "अगो ए काहून! ऊठ, आज वरच्या आळीत जायचा हाय!" पोरांनी चिडवायला घेतलेला तोच शब्द, पण आता तिला हाक मारायला. ती आतून ओरडली, "आली, आली!" मी दारात उभी होते. जाऊनं मला बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमी बसा वो. चाय तेवढा आणा दुपारचा."

सून पायरी उतरता उतरता थांबली. "आई, काकीचा चहा बिनसाखरेचा करा बरं. त्याईले शुगर आहे."

"शुगर?"

"चार-पाच वर्षं झाली म्हणत होत्या. गोळ्या चालू आहेत. तुमाले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत. त्या भिंतीपलीकडे एक बाई चार-पाच वर्षं गोळ्या घेतेय, आणि माझ्या पाकातल्या चहाचे दोन-तीन घोट गिळून उरलेला लपवून ओततेय, मला वाईट वाटू नये म्हणून. पाहुणीला कोण सांगणार की चहा गोड आहे? आणि मी तरी कधी विचारलं, का ओतता म्हणून? मी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं, ही माणसं अशीच. माझ्या पोरीला एक दिवस चिखलात वाकल्यावर जे कळलं ते मला बांधावर बसून कळलं नव्हतं.

दुपारी दोन किटल्या घेऊन गेले. जाऊच्या हातात वेगळा कप दिला आणि म्हटलं, "हा तुमचा. साखर नाही." तिनं एकदा सुनेकडे डोळे वटारून बघितलं, मग कपात बघितलं. सगळा प्यायली. तळाशी काही उरलंय का ते पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आल्याचा तुकडा तरी घालायचास गो. नुसता कडू पानी हाय."

तिच्या तोंडचा माझ्यासाठीचा पहिला 'गो'. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्या क्षणी वाटला तो फक्त थकवा, सगळ्या पावसाळ्यांचा एकदम. एवढीशी गोष्ट, आणि तिला एवढी वर्षं लागावीत.

"उद्या घालते," मी म्हटलं, आणि कप गोळा करायला लागले.